गिअर टाकताना गाडी थरथरते? गॅरेजला जाण्याआधी हे तपासा

नुकतीच गाडी शिकलेल्या माणसाला गॅरेजमध्ये सगळ्यांत जड जातं ते आपली तक्रार नीट सांगणं. "गाडी हलते", "गिअर टाकला की कशीतरीच होते" एवढं बोलून आपण किल्ली हातात देतो आणि समोरून उत्तर येतं, "क्लच गया, साहब." कधी ते खरंही असतं. पण गिअर बदलताना गाडी हलण्याची निदान सात-आठ कारणं आहेत. त्यातली दोन-तीन फुकटात सुटतात, काही किरकोळ खर्चात, आणि क्लच बदलायचा तर अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. म्हणून आधी थोडं आपण बघायचं आणि मग गॅरेजला जायचं.

हे मी पैसे घालवून शिकलो. माझी जुनी पेट्रोल हॅचबॅक पहिल्या गिअरला थरथरायला लागली. एका गॅरेजने क्लचचा पूर्ण सेट बदलला आणि गाडी परत थरथरतच बाहेर आली. आठवड्याने कुर्ल्याच्या एका वयस्कर मिस्त्रीने बॉनेट उघडलं, मला आत बसवलं आणि म्हणाला, "ब्रेक दाबून ठेव, रिव्हर्स टाक, क्लच हळू सोड." बॉनेटखाली इंजिन चार बोटं वर उचललं गेलं आणि धप्पकन खाली बसलं. मागचं माउंटिंग, म्हणजे इंजिनाला धरून ठेवणारा रबरी आधार, फाटलं होतं. रबर बोटाने उलगडावं इतकं सुटलेलं. सगळी परीक्षा दीड मिनिटाची होती, आणि ती मला घरीच करता आली असती.

आधी शब्द पक्का करा

मराठीत या त्रासाला चार वेगळे शब्द आहेत आणि निम्मं निदान त्यातच आहे.

थरथर: क्लच सोडताना, गाडी जागची हलत असताना, स्टीअरिंगपासून सीटपर्यंत अंग कापल्यासारखं होतं. क्लच पूर्ण सुटला की थांबतं.

गचका: एकच ठोका. ॲक्सिलरेटरवर पाय दिला किंवा काढला की "धप्प" होतं.

आचके: एकामागून एक छोटे झटके, गाडी अडखळत पुढे जाते. पाय क्लचवर नसतानाही येतात.

खरखर: गिअर टाकताना दातावर दात घासल्याचा आवाज. विशेषतः रिव्हर्सला.

आपल्या गाडीला यातलं नेमकं काय होतं ते आधी ठरवा. ठरत नसेल तर चार दिवस मोबाइलमध्ये नोंद ठेवा: कुठला गिअर, गाडी थंड की गरम, चढ की सपाट, एसी चालू की बंद, सीएनजीवर की पेट्रोलवर, पाऊस होता का. शेजारच्या मुलीने नुकतं लायसन्स काढलं तेव्हा तिची हीच तक्रार होती. तिच्या नोंदीत चारही दिवस एकच गोष्ट आली, "काका, फक्त सोसायटीच्या रॅम्पवर, मागे घेताना." एवढं कळल्यावर शोध निम्म्याने कमी होतो.

फुकटात सुटणाऱ्या गोष्टी

पहिली गोष्ट, खाली वाका आणि क्लच पेडलखालची मॅट बघा. कारखान्याच्या कापडी मॅटवर पावसाळ्यात आपण रबरी मॅट टाकतो, ती पुढे सरकते, दुमडते आणि पेडल तळापर्यंत जातच नाही. मग इंजिन आणि गिअरबॉक्स पूर्ण वेगळे होत नाहीत, गिअर खरखरतो, गाडी झटका देते. मॅट बाहेर काढून दिवसभर चालवून बघा. सीटही पुढे घ्या. क्लच तळाला टेकला तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे.

दुसरी गोष्ट एसी. बंपरला बंपर लावून गाडी सरकत असते तेव्हा इंजिन जेमतेम हजार आरपीएमवर (मिनिटाला फेरे) फिरत असतं. त्यात एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद झाला की छोट्या इंजिनाला त्याचा भार जाणवतो आणि गाडी हलकेच ढकलल्यासारखी होते. एसी बंद करून त्याच रस्त्यावर चालवा. झटका गेला तर गिअरबॉक्सचा दोष नाही.

तिसरी गोष्ट आपला पाय आणि आपली घाई. नवीन चालक फार लवकर वरचा गिअर टाकतात. छोट्या पेट्रोल गाडीचा ढोबळ हिशोब असा: दुसरा १०-१५ किमीच्या वेगाला, तिसरा २५-३० ला, चौथा ४०-४५ ला, पाचवा ५५-६० च्या पुढे. तिसऱ्यात वेग १५ वर आला आणि तसाच ॲक्सिलरेटर दाबला तर कुठलीही धडधाकट गाडी आचके देईल. खाली गिअर टाकताना उलटं होतं. चौथ्यातून थेट दुसरा टाकून क्लच पटकन सोडला की इंजिनाला एकदम वर पळावं लागतं आणि गाडी नाकावर बसते. क्लच जिथे धरायला लागतो, त्या जागी एक क्षण थांबून मग सोडायचा. चालवायला अनुभवी माणूस बसवा. त्याच्या हातात गाडी मऊ चालली तर सरावानेच प्रश्न सुटेल.

पावसाळ्यातली खोटी भीती आणि खरी भीती

मुंबईत जुलैमध्ये गाडी चार-पाच दिवस उभी राहिली की हवेतल्या ओलाव्याने फ्लायव्हीलच्या (क्लच ज्याला धरतो त्या जड चाकाच्या) लोखंडी तोंडावर गंजाचा पातळ थर चढतो. सकाळी पहिल्या दोन-चार सिग्नलना गाडी थरथरते, मग घर्षणाने गंज निघून जातो आणि सगळं सुरळीत होतं. याला घाबरू नका, खर्चही करू नका.

गाडी पाण्यातून गेली असेल तर मात्र दुर्लक्ष नको. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथे पाणी चाकाच्या मध्यावर आलं की ते क्लचच्या घरात शिरू शकतं आणि गिअरबॉक्सच्या श्वासनळीतून (हवा ये-जा करायच्या भोकातून) आतही जातं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतरच्या आठवड्यात मी आयुष्यात पहिल्यांदा दुधाळ गिअर ऑइल पाहिलं, घट्ट चहासारखं. तसं तेल म्हणजे आत पाणी गेलेलं आहे. तसंच चालवलं तर बेअरिंग आणि सिंक्रो रिंगांची (गिअर मऊ बसवणाऱ्या कड्यांची) वाट लागते. पाण्यातून गेलेल्या गाडीचं गिअर ऑइल त्याच आठवड्यात गॅरेजला उघडून बघायला सांगा, आणि गढूळ निघालं तर लगेच बदला.

माउंटिंगची परीक्षा

ही परीक्षा सगळ्यांत उपयोगी आहे, म्हणून सावकाश सांगतो. मिस्त्री लोक माउंटिंगला "फाउंडेशन"ही म्हणतात. बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून तीन-चार रबरी आधारांवर टांगलेले असतात. एक इंजिनाच्या बाजूला, एक गिअरबॉक्सच्या बाजूला आणि एक मागे किंवा खाली, जे इंजिनाला पुढे-मागे झुलण्यापासून धरून ठेवतं. खड्डे, उष्णता आणि गळणारं तेल यांनी रबर कडक होतं, तडकतं, शेवटी फाटतं.

दोन माणसं लागतात. सपाट जागा निवडा, समोर आणि मागे दोन्हीकडे मोकळं हवं. गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही उभं राहायचं नाही, बघणाऱ्याने बाजूला, पुढच्या चाकाच्या रेषेत राहायचं. ओढणी, सैल बाही, हात इंजिनापासून लांब, कारण रेडिएटरचा पंखा केव्हाही सुरू होतो. लहान मुलं आजूबाजूला असतील तर परीक्षा पुढे ढकला.

१. बॉनेट उघडं ठेवायचं. चालकाने हँडब्रेक ओढायचा आणि उजव्या पायाने ब्रेक घट्ट दाबून ठेवायचा.

२. इंजिन चालू, पहिला गिअर, क्लच अगदी हळू सोडायचा. इंजिनाचा आवाज जड झाला की तिथेच थांबून पुन्हा दाबायचा. इंजिन बंद पडलं तरी हरकत नाही.

३. हेच रिव्हर्समध्ये. पहिल्यात इंजिन एका दिशेला ओढलं जातं, रिव्हर्समध्ये उलट दिशेला. काही माउंटिंगचा दोष एकाच दिशेला दिसतो, म्हणून दोन्ही बघायचं.

इंजिन बोटभर डोललं तर ठीक. त्याहून जास्त उचललं गेलं, खाली बसताना "धप्प" ऐकू आलं, किंवा कुठल्या आधारावर रबर भेगाळलेलं, तेलाने चिकट झालेलं दिसलं तर तिथेच दोष आहे. मोबाइलवर व्हिडिओ घ्या. गॅरेजमध्ये तो दाखवला की वाद होत नाही. ही परीक्षा दोन-तीनदाच करा, दहादा केली तर क्लच तापतो.

बंद सिग्नलवर न्यूट्रलमध्ये उभे असताना स्टीअरिंग आणि आरसे थरथरत असतील तर तोही माउंटिंगकडे किंवा इंजिनाच्या मिसिंगकडे (एखादा सिलिंडर नीट न पेटण्याकडे) इशारा असतो. क्लच न्यूट्रलमध्ये थरथर देत नाही.

आता क्लच

माउंटिंग ठीक असेल आणि थरथर फक्त क्लच सोडतानाच येत असेल, पहिल्यात आणि रिव्हर्समध्ये सर्वांत जास्त, तर शंका क्लचवर. आत काय होतं ते समजून घ्या. इंजिनाला जोडलेलं जड चाक म्हणजे फ्लायव्हील. त्याच्यावर क्लच प्लेट, आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट. आपण पेडल सोडतो तेव्हा प्लेट फ्लायव्हीलला हळूहळू घट्ट बसते. तिने सगळीकडून सारखं धरलं तर गाडी मऊ निघते. प्लेटवर तेल सांडलेलं असेल, ती जळून काचेसारखी गुळगुळीत झाली असेल, किंवा फ्लायव्हीलवर तापून निळे-काळे डाग पडले असतील तर ती धरते-सुटते, धरते-सुटते. तीच आपली थरथर.

मुंबईत हे लवकर होतं, कारण आपण हाफ क्लचवर जगतो. उड्डाणपुलाच्या चढावर ब्रेकऐवजी क्लचवर गाडी धरून ठेवायची, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर तासभर अर्धा पाय दाबून सरकायचं, पोडियम पार्किंगच्या रॅम्पवर मागे घेताना इंजिन ओरडवायचं. चढावर थांबताना हँडब्रेक, आणि सिग्नल लांबला तर न्यूट्रल टाकून पाय क्लचवरून पूर्ण काढायचा. या दोन सवयी लागल्या तर क्लच कितीतरी जास्त टिकतो.

क्लच स्लिप होतोय (घसरतोय) का हे बघायला: हँडब्रेक आणि ब्रेक लावून तिसरा गिअर टाका, थोडी रेस देऊन क्लच सोडा. इंजिन झटकन बंद पडलं पाहिजे. फिरतच राहिलं तर प्लेट संपत आली आहे. एकदाच करा. रस्त्यावरची खूण अशी की चढावर चौथ्यात पाय दाबला तर आरपीएम वर जातो आणि वेग तिथेच राहतो. सोबत जळकट, ब्रेकच्या पट्टीसारखा वास येतो.

पेडल दाबूनही क्लच इंजिनापासून पूर्ण वेगळा होत नाही का हे बघायला: गाडी उभी, इंजिन चालू, क्लच तळापर्यंत दाबा, चार-पाच सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, म्हणून क्लच अर्धवटच वेगळा होत असेल तर इथे खरखर ऐकू येते. केबलवाल्या गाडीत केबल ताणलेली असू शकते, आणि ती बहुतेक वेळा ॲडजस्ट करता येते. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) क्लच असेल तर बॉनेट उघडून तेलाची पातळी बघा. अनेक गाड्यांत हे तेल ब्रेकच्याच डबीतून येतं, त्यामुळे पातळी उतरलेली असेल तर गळती शोधणं तातडीचं आहे.

आवाजही ऐका. न्यूट्रलमध्ये क्लच दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग, जे पेडल दाबलं की प्रेशर प्लेटला ढकलतं. सोडलेला असताना घरघर आणि दाबला की बंद, तर गिअरबॉक्समधलं बेअरिंग.

तेलगळतीसाठी रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा टाका. सकाळी इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली काळपट डाग दिसला तर तेल सील गळतंय आणि तेच तेल प्लेटवर जातंय, असं समजायला जागा आहे. अशा वेळी सील न बदलता नुसती प्लेट बदलली तर काही महिन्यांत पुन्हा तेच होतं. स्वच्छ पाणी पडलेलं दिसलं तर ते एसीचं, काळजी नको.

आचके असतील तर इंजिनाकडे बघा

गिअर बदलून झाला, क्लच सुटला, पाय दिला आणि गाडी अडखळली, तर गिअरबॉक्सला हात लावायचं कारण नाही. ते बहुतेक मिसिंग असतं. स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, मळलेली थ्रॉटल बॉडी, तुंबलेला फिल्टर.

सीएनजी गाडी असेल तर हाताशी फार चांगली परीक्षा आहे. सीएनजीला पेटवायला जास्त जोराची ठिणगी लागते. त्याच रस्त्यावर आधी सीएनजीवर आणि मग बटण दाबून पेट्रोलवर चालवा. सीएनजीवर आचके आणि पेट्रोलवर मऊ, तर आधी प्लग आणि कॉइल, मग सीएनजीचा फिल्टर आणि रेड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग). दोन्हीवर सारखंच होत असेल तर शोध दुसरीकडे न्या.

डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला असेल तर स्कॅनर लावून कोड काढून घ्या. पी ०३०१ ते पी ०३०४ हे कोड कुठला सिलिंडर मिस होतोय ते सांगतात, पी ०३०० म्हणजे एकापेक्षा जास्त किंवा अनियमित. दिवा लुकलुकत असेल तर गाडी जोरात चालवू नका. न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो, आणि तो महागाचा भाग आहे.

गचका, ॲक्सल आणि चाकं

माउंटिंग शाबूत असूनही पाय देता-काढताना गचका येत असेल तर ॲक्सलचे (गिअरबॉक्सकडून चाकाला जोर पोचवणाऱ्या दांड्याचे) सीव्ही जॉइंट, म्हणजे वळणारे सांधे, बघा. स्टीअरिंग पूर्ण वळवून इंजिन बंद करा आणि मोबाइलच्या टॉर्चने चाकामागे डोकवा. रबरी बूट फाटून आतून काळं ग्रीस उडालेलं दिसलं तर जॉइंट धोक्यात आहे. पूर्ण वळणावर कटकट वाजत असेल तर बाहेरचा, सरळ रस्त्यावर पाय दिल्यावर थरथर आणि काढल्यावर शांत असेल तर आतला. गाडी जॅकवर चढवून खाली मात्र शिरू नका.

थरथर ठरावीक वेगालाच येत असेल, समजा ८० च्या आसपास, तर मोकळ्या सरळ रस्त्यावर दोन सेकंद क्लच दाबून बघा. तरीही थरथर चालूच राहिली तर चाकं, बॅलन्सिंग किंवा खड्ड्यात वाकलेली रिम. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर ब्रेकची डिस्क. रविवारी सकाळी वांद्रे-कुर्ला संकुलासारखा भाग रिकामा असतो, हे सगळं तिथे शांतपणे करता येतं.

ऑटोमॅटिक असेल तर

वरच्या हँडब्रेकच्या परीक्षा ऑटोमॅटिकवर करू नका. एएमटी गाडीत क्लच प्लेट साध्या गाडीसारखीच असते, फक्त ती दाबणारा पाय यंत्राचा असतो. गिअर बदलताना डोकं किंचित पुढे जाणं हा तिचा स्वभाव आहे. त्या क्षणी ॲक्सिलरेटर जरा हलका केला की तेही कमी होतं. सरकताना थरथर नव्याने सुरू झाली असेल तर वर्कशॉपला "क्लच लर्निंग" करून बघायला सांगा, स्कॅनरने होतं. चढावर ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणं एएमटी आणि ड्युअल क्लच, दोघांचाही क्लच जाळतं. सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे इतर प्रकारच्या ऑटोमॅटिक गाडीत थरथर आली तर पहिली चौकशी तेलाची: पातळी किती, रंग काय, शेवटचं कधी बदललं. जळका वास आणि काळपट रंग असेल तर उशीर करू नका.

गॅरेजमध्ये

आत शिरल्यावर "क्लच बघा" म्हणू नका. असं सांगा: "गाडी गरम असताना, पहिल्या आणि रिव्हर्सला, क्लच सोडताना थरथरते. माउंटिंग बघितलं, ठीक वाटतंय. पेट्रोल-सीएनजी दोन्हीवर सारखंच." मिस्त्रीला सोबत बसवून एक फेरी मारा आणि त्याला ती थरथर जाणवू द्या. चांगला मिस्त्री स्वतःच म्हणतो, चला फेरी मारू.

क्लच बदलायचाच ठरला तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला, कारण खर्चाचा मोठा भाग गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीचा असतो. गिअरबॉक्स खाली असताना फोन करायला सांगा आणि स्वतः जाऊन फ्लायव्हील बघा. डाग किंवा चरे असतील तर फेसिंग (तोंड घासून सपाट करणं) करता येतं का, की बदलावंच लागेल, हे तिथेच विचारा. सील ओलं दिसलं तर तेही त्याच वेळी. सामान स्वतः आणायचं असेल तर ऑपेरा हाऊस किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड, पण चॅसी नंबर आणि जुना भाग सोबत न्या. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक प्लेटचा आकार बदललेला असू शकतो. जुने भाग परत मागून घ्या. प्लेटवर तेल आहे का, ती खरंच घासली होती का, हे ती हातात घेतल्यावर तुम्हालाही कळेल.

गाडी ताब्यात घेताना इंजिन गरम होईपर्यंत चालवा, जवळचा एखादा रॅम्प किंवा चढ शोधा, आणि पैसे देण्याआधी रिव्हर्समध्ये हळूच क्लच सोडून बघा. नव्या प्लेटला बसायला पहिले काही शे किलोमीटर लागतात, तेवढे दिवस चढावर जोर लावू नका आणि भरलेली गाडी घाटात नेऊ नका.